आपत्कालीन प्रतिसाद संगणक प्रणाली

आग, अपघात, आकस्मिक आजार, गुन्हा, पूर, भूकंप इ. प्रसंगी मदतीची मागणी स्वीकारणे, घटनास्थळ निश्चित करणे, योग्य पथक अथवा वाहन तेथे पाठविणे आणि काम पूर्ण होईपर्यंत त्यावर लक्ष ठेवणे यांसाठी वापरण्यात येणारी संगणकीय आज्ञावली (सॉफ्टवेअर), तिला लागणारी यंत्रसामग्री व ती हाताळणारी माणसे यांच्या संघटित व्यवस्थेस आपत्कालीन प्रतिसाद संगणक प्रणाली म्हणतात. अग्निशामक दल, पोलीस व रुग्णवाहिका सेवा यांचे नियंत्रण कक्ष, अणुवीजकेंद्रे व तेलशुद्धीकरण कारखाने यांचे नियंत्रण कक्ष आणि जनतेला धोक्याच्या सूचना देणारी शासकीय केंद्रे येथे अशा प्रणाली वापरात आहेत.

हिशेब, पत्रव्यवहार, आरक्षण यांसारख्या कामांच्या आज्ञावली शांतपणे, पुरेसा वेळ घेऊन काम करणारी व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या असतात. आपत्कालीन प्रणाली वापरणाऱ्यास हे स्वास्थ्य लाभत नाही. एका कानाशी किंचाळणारा नागरिक, दुसरीकडे बिनतारी संदेश, समोर बदलत जाणारा नकाशा आणि आपल्या विलंबामुळे एखाद्याचा जीव जाईल ही जाणीव, अशा स्थितीत त्याला काही सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. ज्या क्षणी प्रणालीची गरज सर्वाधिक असते, त्याच क्षणी ती वापरणाऱ्याची स्मरणशक्ती, अवधान आणि हातांचे कौशल्य सर्वांत दुर्बल झालेले असते. म्हणून ताण जसजसा वाढेल तसतशी प्रणालीची माणसाकडून असलेली अपेक्षा कमी होत गेली पाहिजे, हे या अभिकल्पाचे (डिझाइनचे) मूलसूत्र होय. या क्षेत्रातील बहुतेक गाजलेली अपयशे या सूत्राच्या उल्लंघनातून उद्‌भवलेली आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनमधील विंपोल स्ट्रीट येथे एका घराला लागलेल्या आगीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने अग्निशामक दलास दूरध्वनी करण्याचा प्रयत्न केला. परंतु दूरध्वनी केंद्रात इतर मागण्यांच्या रांगेत त्याला थांबून राहावे लागले. या घटनेनंतर झालेल्या चर्चेतून ३० जून १९३७ रोजी लंडन येथे ९९९ हा आपत्कालीन क्रमांक सुरू झाला. या क्रमांकावरून मागणी येताच दूरध्वनी केंद्रात तांबडा दिवा लागून भोंगा वाजत असे व ती मागणी इतरांआधी घेतली जाई. अमेरिकेत ९११ या क्रमांकाचा पहिला दूरध्वनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अ‍ॅलाबॅमा राज्यातील हेलीव्हिल या गावी करण्यात आला. क्रमांक लहान, एकच व सर्वत्र समान असावा, ही कल्पना वस्तुतः घाबरलेल्या माणसासाठी केलेल्या अभिकल्पाचाच आरंभ होय.

दूरध्वनीनंतरचे काम मात्र दीर्घकाळ कागदावर चालत असे. मागणी छापील चिठ्ठीवर लिहून घेणे, नकाशापुस्तकातून ठिकाण शोधणे, चिठ्ठी सरकपट्ट्यावरून पुढे धाडणे, वाहन निवडणे आणि दूरध्वनीने किंवा बिनतारी यंत्राने ते रवाना करणे, असा हा क्रम असे. १९७० नंतर मोठ्या शहरांतील पोलीस व अग्निशामक दलांनी या कामासाठी संगणक वापरण्यास प्रारंभ केला. याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील डॉ. जेफ क्लॉसन यांनी दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी प्रश्नपत्रांचा संच तयार केला. कोणत्या तक्रारीवर कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावयाचे आणि रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत दूरध्वनी करणाऱ्यास कोणत्या सूचना द्यावयाच्या, हे या पत्रांवर दिलेले असे. हीच प्रश्नमाला पुढे संगणकाच्या पडद्यावर आली.

ताणाखालील मानवी वर्तन : रॉबर्ट यर्कीझ व जॉन डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांवरून उत्तेजन व शिकण्याची गती यांचा संबंध दाखविला. सोप्या कामात तीव्र उत्तेजनाने कार्यक्षमता वाढत राहते. परंतु अवघड कामात एका मर्यादेनंतर ती घटू लागते. यावरून काढलेला व्यावहारिक निष्कर्ष असा, की आणीबाणीत करावयाचे काम शक्य तितके सोपे असावे. जे. ए. ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्ये असे प्रतिपादन केले, की भावनिक उत्तेजन वाढले म्हणजे व्यक्ती वापरीत असलेल्या संकेतांचा परीघ आकुंचित होतो. तिचे लक्ष एका केंद्रबिंदूवर खिळते आणि कडेच्या गोष्टी नजरेतून सुटतात. पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारी महत्त्वाची सूचना अनुभवी कर्मचाऱ्यालाही दिसत नाही, याचे कारण हेच होय. हे निष्काळजीपणाचे लक्षण मानता येत नाही.

जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्कालिक स्मृतीत सु. सात घटकच एका वेळी राहू शकतात असे दाखविले. ताणाखाली ही मर्यादा आणखी खाली येते. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये पर्यायांची संख्या वाढली, की निवडीस लागणारा वेळही वाढतो हे प्रयोगाने सिद्ध केले. गॅरी क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात अग्निशामक दलातील अनुभवी अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. हे अधिकारी अनेक पर्याय पुढे मांडून त्यांची तुलना क्वचितच करतात, असे त्यांस आढळले. पूर्वानुभवाच्या आधारे ते परिस्थिती ‘ओळखतात’ आणि सुचलेला पहिला व्यवहार्य उपाय मनात तपासून लगेच अंमलात आणतात. त्यामुळे अशा अधिकाऱ्यापुढे पर्यायांचा तक्ता मांडण्यापेक्षा परिस्थिती चटकन ओळखता येईल असे चित्र उभे करणे हे प्रणालीचे अधिक उपयुक्त कार्य ठरते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानांत चाके व पंखांवरील झडपा यांच्या कळा शेजारी-शेजारी आणि दिसावयास एकसारख्या होत्या. विमान उतरल्यावर थकलेले वैमानिक चुकून चाकेच वर घेत आणि विमान पोटावर आपटे. ॲल्फॉन्स चॅपॅनिस यांनी एका कळीला रबरी चाकाचा व दुसरीला पाचरीचा आकार देण्याचा उपाय सुचविला. पॉल फिट्स व आर. ई. जोन्स यांनी १९४७ मध्ये ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेल्या ४६० अनुभवांचे विश्लेषण करून अशा चुकांचे मूळ पुष्कळदा उपकरणांच्या रचनेत असते, हे दाखवून दिले. आजच्या आपत्कालीन आज्ञावलीच्या अभिकल्पाची वैचारिक बैठक या संशोधनात आहे. [→ मानसशास्त्र].

अभिकल्पाची तत्त्वे : (१) पडद्याची रचना : पडद्यावर त्या क्षणी आवश्यक तेवढीच माहिती असावी आणि प्रत्येक माहितीची जागा ठरलेली असावी. घटनास्थळ, घटनेचा प्रकार आणि पुढील कृती या तीन बाबी डोळे न फिरविता दिसल्या पाहिजेत. अक्षरे मोठी असावीत. केवळ रंगावर अर्थ अवलंबून ठेवू नये; कारण तांबडा व हिरवा यांतील भेद काही व्यक्तींना ओळखता येत नाही. म्हणून रंगाबरोबर आकार वा शब्दही द्यावा. माहिती भरण्याचा क्रम संभाषणाच्या ओघाला अनुसरणारा हवा. भेदरलेला माणूस आधी ‘काय झाले’ ते सांगतो आणि ‘कोठे’ ते मागाहून; पत्त्याचा रकाना भरल्याखेरीज पुढे जाऊ न देणारी आज्ञावली अशा वेळी अडथळा ठरते. मध्येच काम सोडावे लागले, तर अर्धवट भरलेली माहिती जशीच्या तशी जतन झाली पाहिजे.

(२) कळा व चुकांपासून संरक्षण : नेहमीची कृती एका स्पर्शात व्हावी, घातक वा अपरिवर्तनीय कृती मात्र वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या आकाराची आणि वेगळ्या हालचालीने करावयाची असावी. प्रत्येक कृतीला ‘नक्की का?’ असा एकच प्रश्न विचारण्याने संरक्षण मिळत नाही, कारण सवयीने हात आपोआप ‘होय’ म्हणतो. हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ रोजी याचा प्रत्यय आला. क्षेपणास्त्र येत असल्याची खोटी सूचना सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी राज्यभर प्रसृत झाली. पाळी बदलताना घेतलेल्या सरावाचा संदेश ऐकून संबंधित कर्मचाऱ्याची तो प्रसंग खरा असल्याची समजूत झाली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. सरावाची व खरी सूचना एकाच यादीतून निवडावयाची होती आणि खातरजमेचा प्रश्नही दोन्हींसाठी सारखाच होता. सूचना मागे घेण्यासाठी तयार मसुदाच नसल्याने त्याच मार्गाने दुरुस्ती प्रसृत होण्यास ३८ मिनिटे लागली. चूक होणारच असे गृहीत धरून ती निस्तरण्याचा मार्ग चूक करण्याइतकाच जवळ ठेवावा, हा या घटनेचा बोध आहे.

(३) इशाऱ्यांचे नियमन : प्रत्येक बिघाडाला इशारा जोडण्याने सुरक्षितता वाढते, हा समज फसवा आहे. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्यापूर्वीच्या सु. ११ मिनिटांत तेथील दोन नियंत्रकांसमोर २७५ इशारे आले होते. सरासरी अडीच सेकंदांस एक या वेगाने येणारे इशारे वाचणेही अशक्य असते, मग त्यांचा अर्थ लावणे दूरच राहिले. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत, सुरळीत काळात दर दहा मिनिटांस एकाहून कमी आणि मोठ्या बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत दहाहून अधिक इशारे नसावेत, असे प्रमाण सुचविण्यात आले. एकाच कारणातून उद्‌भवलेले इशारे एकत्र दाखविणे, त्यांची तातडीनुसार प्रतवारी करणे आणि ज्यावर काही कृती करावयाची नाही अशी बाब इशारा म्हणून न दाखविता केवळ नोंदीत ठेवणे, हे उपाय योजतात.

(४) खरी स्थिती दर्शविणे : अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी पहाटे अपघात झाला. दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र ती बंद झाल्याचे सुचवीत होता. कारण तो दिवा झडपेची स्थिती दर्शवीत नसून, झडपेला बंद होण्याचा आदेश गेला एवढेच दर्शवीत होता. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे वाजू लागले. संगणकाला जोडलेला मुद्रक (प्रिंटर) इतका मागे पडला, की घटना व तिची छापील नोंद यांत तासांचे अंतर पडले. चुकीच्या चित्रावर विसंबून नियंत्रकांनी शीतक पाण्याचा पुरवठा कमी केला. झडप उघडी असल्याचे लक्षात येण्यास दोन तासांहून अधिक काळ लागला व तोवर अणुभट्टीच्या गाभ्याची गंभीर हानी झाली होती. ‘आदेश दिला’, ‘आदेश पोहोचला’ व ‘कृती झाली’ या तीन भिन्न गोष्टी आहेत आणि पडद्यावर त्या भिन्नच दिसल्या पाहिजेत. रुग्णवाहिकेस संदेश पाठविला याचा अर्थ ती निघाली असा होत नाही. माहिती जुनी असेल, तर ती किती जुनी आहे हेही दाखविणे आवश्यक असते.

(५) प्राधान्यक्रम व अंशतः कार्यरत राहणे : संगणकावरही ताण येतो. अपोलो-११ हे यान २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरत असताना एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे त्याच्या मार्गदर्शक संगणकावर क्षमतेबाहेर भार पडला आणि १२०२ व १२०१ या क्रमांकांचे इशारे येऊ लागले. त्याची आज्ञावली मात्र अशा प्रसंगाचा विचार करून रचलेली होती. प्रत्येक कामाला प्राधान्यक्रम दिलेला असल्याने संगणकाने स्वतःला पुनःपुन्हा चालू करून कमी महत्त्वाची कामे गाळली आणि यान उतरविण्यास आवश्यक ती गणिते चालू ठेवली. नियंत्रण कक्षातील प्रणालीचेही असेच असावे. भार वाढल्यास आकडेवारी, अहवाल, नकाशाची सजावट हे आधी बंद पडावे. मागणी स्वीकारणे व वाहन पाठविणे सर्वांत शेवटी.

(६) माणूस व यंत्र यांत कामाची वाटणी : लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये स्वयंचलनातील एक विसंगती निदर्शनास आणली. सोपी कामे यंत्राकडे गेली, की माणसाकडे केवळ अतिशय अवघड प्रसंग उरतात आणि रोजचा सराव नाहीसा झाल्यामुळे नेमका तोच प्रसंग हाताळण्यास तो असमर्थ होतो. म्हणून यंत्राने सुचवावे, माणसाने ठरवावे आणि यंत्राची सूचना डावलण्याचा मार्ग सदैव खुला असावा. यंत्राने एखादे वाहन का सुचविले, हेही एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे.

लंडनचा अनुभव : लंडन रुग्णवाहिका सेवेचे १९९२ मधील अपयश हे या विषयातील सर्वाधिक अभ्यासिले गेलेले उदाहरण आहे. सु. ६०० चौ. मैल (सु. १,५५० चौ. किमी.) क्षेत्र व सु. ६८ लाख रहिवासी यांची जबाबदारी असलेल्या या सेवेकडे दररोज दोन ते अडीच हजार मागण्या येत. चिठ्ठ्या व सरकपट्टा यांच्या जुन्या पद्धतीत वाहन रवाना होण्यास वेळ लागे. ती बदलून मागणी स्वीकारण्यापासून जवळचे वाहन निवडून त्यास आदेश देण्यापर्यंतचे बहुतेक काम संगणकानेच करावे, अशी महत्त्वाकांक्षी योजना आखण्यात आली. ही प्रणाली २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण शहरासाठी एकदमच सुरू केली गेली.

ही प्रणाली प्रत्येक वाहन कोठे आहे व कोणत्या स्थितीत आहे याच्या जवळजवळ निर्दोष माहितीवर अवलंबून होती. प्रत्यक्षात काही भागांत बिनतारी संकेत पोहोचत नसत. घाईत असलेले रुग्णवाहिकांवरील कर्मचारी कळा दाबण्यास विसरत किंवा चुकीच्या क्रमाने दाबत. परिणामी संगणकाजवळील चित्र वास्तवापासून दूर जाऊ लागले. एका रुग्णाकडे दोन वाहने गेली, तर काही ठिकाणी दूरचे वाहन पाठविले गेले. विसंगतीबद्दलचे संदेश पडद्यावर इतक्या वेगाने येऊ लागले, की न पाहिलेले जुने संदेश वर सरकून दिसेनासे होत. ते निकालात न निघाल्याने प्रणाली आणखी मंदावली. वाट पाहून त्रस्त झालेले नागरिक पुन्हा दूरध्वनी करू लागले आणि मागण्यांची संख्या फुगली. अशा रीतीने प्रत्येक अडचण दुसरीला जन्म देत राहिली. नियंत्रण कक्षाची मांडणीही त्याच वेळी बदललेली असल्यामुळे शेजारच्या अनुभवी सहकाऱ्याला विचारून चूक सुधारण्याची जुनी सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाहनांची निवड पुन्हा माणसांकडे सोपविण्यात आली. सेवेच्या मुख्य अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. ४ नोव्हेंबर रोजी पहाटे उरलेली प्रणालीही मंद होत जाऊन ठप्प झाली. सु. तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या दुरुस्तीत राहून गेलेल्या आज्ञावलीच्या एका तुकड्यामुळे प्रत्येक वाहन पाठविताना मुख्य संगणकाच्या स्मृतीचा थोडा भाग अडकून पडत होता व अखेर ती संपली. राखीव संगणकाने काम हाती घेणे अपेक्षित होते. तथापि या पद्धतीच्या वापरासाठी त्याची चाचणीच झालेली नव्हती. कर्मचाऱ्यांनी पुन्हा कागद हाती घेतला आणि सेवा चालू राहिली.

फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने दोष कोण्या एका व्यक्तीवर ठेवला नाही. अपुरा कालावधी, अपुरी चाचणी, अपुरे प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांना विश्वासात न घेणे आणि परिपूर्ण माहितीचे अवास्तव गृहीतक, ही कारणे त्याने नोंदविली. पुढे त्याच सेवेने नवी प्रणाली टप्प्याटप्प्याने उभारली. कर्मचाऱ्यांना नमुने दाखवून, त्यांच्या सूचनांनुसार बदल करून आणि आधी केवळ मागणी स्वीकारण्याचे काम संगणकावर आणून ती १९९६ मध्ये सुरू झाली व यशस्वी ठरली. दोन्ही प्रयत्नांत सेवा तीच होती आणि शहरही तेच होते. बदलली होती ती अभिकल्पाची रीत.

बिघाडाची पूर्वतयारी : प्रणाली केव्हातरी बंद पडणार, हे अभिकल्पकाने आरंभीच मान्य करावे लागते. अमेरिकेत ९–१० एप्रिल २०१४ च्या रात्री कोलोरॅडो राज्यातील एका केंद्रातील आज्ञावलीत मागण्यांना क्रमांक देणाऱ्या गणकाची ठरविलेली कमाल मर्यादा गाठली गेली व पुढील मागण्या पाठविणे थांबले. सात राज्यांतील १ कोटी १० लाखांहून अधिक लोकांच्या ९११ सेवेत सु. सहा तास व्यत्यय आला व ६,६०० हून अधिक मागण्या पोहोचल्या नाहीत. यंत्रणेने इशारा दिला होता. पण त्याची प्रतवारी खालची असल्याने त्याची वेळीच दखल घेतली गेली नाही. न बोलता होणारा बिघाड हा सर्वांत घातक बिघाड होय. म्हणून प्रणाली बंद पडल्याचे मोठ्याने व निःसंदिग्धपणे कळले पाहिजे. कोरे छापील नमुने, वाहनांची अलीकडच्या क्षणाची छापील यादी, कागदी नकाशे व बिनतारी संच यांवर काम पुढे नेण्याची सोय हाताशी असली पाहिजे आणि तिचा नियमित वापरही झाला पाहिजे.

चाचणी व प्रशिक्षण : अशा प्रणालीची चाचणी शांत खोलीत, एका वेळी एक मागणी देऊन करणे निरर्थक असते. गोंगाट, अपुरी झोप, अर्धवट व परस्परविरोधी माहिती, तुटणारे दूरध्वनी आणि नेहमीच्या कित्येक पट मागण्या, यांच्या सान्निध्यात ती तपासावी लागते. हातमोजे घातलेला अग्निशामक, पावसात भिजलेला पडदा, उन्हात न दिसणारी अक्षरे यांचाही विचार करावा लागतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तींना पहिल्या आराखड्यापासून सहभागी करून घेणे हा याचाच भाग आहे. केवळ आपत्तीसाठी राखून ठेवलेली आणि एरवी न वापरलेली आज्ञावली आपत्तीच्या वेळी परकी वाटते. म्हणून रोजच्या लहान घटनांसाठी जी वापरली जाते, तीच मोठ्या आपत्तीतही वापरली जावी, असा दंडक आहे.

सरावाचे मोल अपोलो-११ च्या उदाहरणावरूनही दिसते. उड्डाणापूर्वी काही दिवस घेतलेल्या सरावात असाच इशारा मुद्दाम देण्यात आला व नियंत्रकांनी चुकीने अवतरण रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर सर्व इशाऱ्यांचे अर्थ व प्रत्येकावरील कृती यांची यादी तयार करण्यात आली. प्रत्यक्ष अवतरणाच्या वेळी काही सेकंदांत ‘पुढे जा’ असा निर्णय देता आला, तो या यादीमुळे.

भारत व महाराष्ट्र : भारतात दीर्घकाळ पोलिसांसाठी १००, अग्निशामक दलासाठी १०१ व रुग्णवाहिकेसाठी १०२ असे वेगवेगळे क्रमांक रूढ होते. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली व पुढे ती अनेक राज्यांत पसरली. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. ११२ या एकच क्रमांकाची देशव्यापी योजना नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रथम हिमाचल प्रदेशात अंमलात आली व नंतर महाराष्ट्रासह इतर राज्यांत विस्तारली. २०१६ च्या नियमांनुसार साध्या भ्रमणध्वनीवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरणे आणि स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबणे, अशी मदत मागण्याची सोय ठेवण्यात आली. पडद्याकडे न पाहता, खिशात हात ठेवूनही करता येणारी ही कृती ताणाखालील अभिकल्पाचे चांगले उदाहरण आहे. अशी सोय जितकी सुलभ करावी, तितक्या अजाणता होणाऱ्या मागण्याही वाढतात. त्यांची छाननी त्वरित व्हावी, यासाठी नियंत्रण कक्षात वेगळी व्यवस्था ठेवावी लागते.

येथील परिस्थितीतून काही विशेष गरजा निर्माण होतात. घराला क्रमांक व रस्त्याला नाव असेल, असे गृहीत धरणारा पत्त्याचा रकाना ग्रामीण भागात आणि शहरांतील दाट वस्त्यांत निरुपयोगी ठरतो. देवळामागची आळी, नाक्यावरचे पिठाच्या गिरणीचे घर, घाटातले तिसरे वळण, अशा खुणांनी ठिकाण सांगितले जाते. एकाच नावाची गावे तर प्रत्येक जिल्ह्यात आढळतात. त्यामुळे तालुका विचारण्याचा प्रश्न वगळून चालत नाही. खुणांचा स्थानिक कोश, भ्रमणध्वनीवरून मिळणारे अंदाजी स्थान आणि दूरध्वनी घेणाऱ्याचे बोलीचे ज्ञान या तिन्हींची सांगड घालावी लागते. घाबरलेला माणूस आपल्या घरच्या बोलीत बोलतो. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी वा गोंडी बोलणाऱ्याचे म्हणणे पहिल्या वाक्यात समजणे हीसुद्धा प्रणालीची क्षमता होय.

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर महाराष्ट्रात राज्य व जिल्हा पातळीवर आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार करण्यात आले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, तेव्हा रस्ते व लोहमार्ग यांबरोबरच वीजपुरवठा व दूरध्वनीही अनेक भागांत बंद पडले. मध्यवर्ती संगणकाशी अखंड संपर्क असेल, या गृहीतकावर उभारलेली आज्ञावली अशा दिवशी निकामी होते. प्रत्येक ठाण्यातील संगणकाला संपर्क तुटल्यावरही स्वतंत्रपणे काम करता यावे आणि संपर्क जुळताच नोंदी आपोआप एकत्र व्हाव्यात, अशी रचना त्यासाठी करतात. भ्रमणध्वनी मनोऱ्यांच्या टापूतील सर्वांना एकाच वेळी धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेची चाचणी भारतात २०२३ मध्ये घेण्यात आली. हा केवळ चाचणीचा संदेश असल्याचे त्यात स्पष्टपणे नमूद केलेले होते.

मर्यादा : चांगल्या आज्ञावलीने रुग्णवाहिकांची संख्या वाढत नाही, की खचलेला घाट मोकळा होत नाही. अपुरे मनुष्यबळ, दीर्घ पाळ्या व कर्मचाऱ्यांवर साचत जाणारा मानसिक आघात यांवर पडद्याची सुबक रचना हा उपाय नव्हे. प्रत्येक मागणीची वेळ नोंदविणाऱ्या प्रणालीचा वापर कर्मचाऱ्याला शिक्षा करण्यासाठी होऊ लागला, तर चुका दडविल्या जातात आणि सुधारणेचा मार्ग बंद होतो. चुकीच्या नोंदींतून पुढची आवृत्ती सुधारण्याची प्रथा जेथे रुजते, तेथेच या प्रणाली विश्वसनीय बनतात. तिच्या यशाची कसोटीही साधी आहे. पाळी संपत आलेल्या, थकलेल्या कर्मचाऱ्याला तिची आठवण न राहता केवळ मदत मागणाऱ्या माणसाचा आवाज ऐकता आला, तर अभिकल्प साधला असे समजावे.

पहा : अग्निशामक दल; अपघात; अवधान; भूकंप; संगणक; स्मृती.